कोठार, गिरणी आणि मुकादम



काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील कामगार पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन आमच्याकडे आले. जादा कामाचे पैसे कमी लागले होते. आम्ही हिशेबखात्यात गेलो, तेव्हा तेथील गृहस्थ शांतपणे म्हणाले, "हे आम्ही केलेले नाही, संगणकाने काढले आहे." मालकांशी भांडण्यात उमर गेलेले आम्ही, पण त्या एका वाक्यापुढे निरुत्तर झालो. माणसाशी वाद घालता येतो. यंत्राशी काय घालणार? परतताना आम्ही मनाशी ठरविले की, या यंत्राच्या पोटात आहे तरी काय ते समजून घ्यावयाचे. कॉलेजची पायरी आम्ही चढलेलो नाही. परंतु मिळतील ती पुस्तके वाचता वाचता ध्यानात आले की, या यंत्राची घडण आम्हांस मुळीच अपरिचित नव्हती. ती कारखान्याचीच घडण होती. तिचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

या इतिहासाचा आरंभ यंत्रापासून नव्हे, तर माणसांपासून होतो. राज्यक्रांतीनंतरच्या फ्रान्समध्ये दशमान पद्धतीची नवी गणिती कोष्टके हवी होती. हे अजस्र काम गास्पार द प्रोनी या अभियंत्याकडे आले. ॲडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात टाचणीच्या कारखान्यातील श्रमविभागणी वर्णिली आहे. ती वाचून प्रोनीला वाटले की, टाचण्यांप्रमाणे आकडेही घडविता येतील. त्याने तीन खाती पाडली. वरच्या खात्यात मोजके गणिती, मधल्या खात्यात सात-आठ जाणकार हिशेबनीस, आणि खालच्या खात्यात साठ ते ऐंशी माणसे. या शेवटच्यांना बेरीज-वजाबाकीपलीकडे फारसे काही येण्याची गरज नव्हती. सरदार-उमरावांचे केस विंचरण्याचा धंदा क्रांतीने बुडविल्यामुळे बेकार झालेले केशकर्तनकार त्यांत होते, असे सांगतात. उपासमारीतून आलेल्या या माणसांनी जगातील एक मोठे गणित तडीस नेले.

हा प्रयोग इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाच्या मनात ठसला. १८३२ साली कारखानदारीवर लिहिलेल्या ग्रंथात त्याने बौद्धिक श्रमाच्या विभागणीला एक स्वतंत्र प्रकरण दिले. त्याचा विचार सरळ होता : खालच्या खात्यातील काम इतके ठरावीक असेल, तर ते दात्यांच्या चाकांनी का होऊ नये? त्याच्या पहिल्या यंत्रावर ब्रिटिश सरकारने सतरा हजार पौंड खर्च केले, तरी ते पुरे झाले नाही. हातमागावर विणणाऱ्याचा मुलगा जोसेफ क्लेमंट हा त्याचा कारागीर. पैशांवरून १८३३ साली दोघांचे फाटले, आणि यंत्रासाठी खास घडविलेली हत्यारे क्लेमंटने स्वतःकडे ठेवली. हत्यार कारागिराचे, हा त्या धंद्यातला रिवाजच होता. बॅबेजच्या चरित्रकारांनी क्लेमंटला बोल लावला आहे. आम्हांस मात्र त्याचे फारसे काही चुकले असे वाटत नाही.

१८३४ पासून बॅबेजने दुसऱ्या, अधिक व्यापक यंत्राचे आराखडे आखले. आकडे ठेवण्याच्या जागेला त्याने नाव दिले 'कोठार', आणि आकड्यांवर क्रिया करणाऱ्या भागाला नाव दिले 'गिरणी'! कोठारातून सूत काढावे, गिरणीत घालावे, माल परत कोठारात टाकावा, ही सूतगिरणीची रीत. हुकूम देण्याची युक्तीही मागावरूनच घेतली. लियाँच्या जाकारच्या मागावर भोके पाडलेली पुठ्ठ्याची पत्रे लावीत. भोक असेल तेथे उभा धागा उचलला जाई, नसेल तेथे तो खालीच राही. एक पत्र, एक आडवा धागा. तशीच पत्रे बॅबेजने आकड्यांच्या कामाला योजिली. यंत्र अपुरेच राहिले आणि १८७१ साली बॅबेज वारला. परंतु घडण ठरून गेली.

पुढे कित्येक वर्षे इंग्रजीत 'कॉम्प्युटर' म्हणजे हिशेब करणारा माणूस, आणि पुष्कळदा बाई. १९४६ साली फिलाडेल्फियात 'एनिॲक' हे सुमारे अठरा हजार नळ्यांचे विद्युतयंत्र जगापुढे आले, तेव्हा ते चालविणाऱ्या सहा स्त्रिया अशाच हिशेबनिसांतून निवडलेल्या होत्या. त्या यंत्राला नवे गणित घालणे म्हणजे तारा उपटून पुन्हा जोडणे. कधी कधी दिवसचे दिवस जात. नवे कापड काढायचे म्हणून साचाच खोलून पुन्हा उभारावा, तसला तो प्रकार.

यावर तोड निघाली ती अशी की, हुकूमही आकड्यांत लिहावेत आणि मालाशेजारी त्याच कोठारात ठेवावेत. १९४५ सालच्या एका टिपणात जॉन फॉन नॉयमन याने अशा यंत्राचे भाग सांगितले : कोठार, गिरणी, मुकादम, आवक आणि जावक. मुकादम हा शब्द आमचा. इंग्रजीत त्याला नियंत्रण म्हणतात. टिपणावर नाव एकट्या फॉन नॉयमनचे पडले. एनिॲक उभारणाऱ्या एकर्ट आणि मॉकली यांची नावे राहून गेली. श्रेय वरच्या खात्यात जमा होण्याची रीत येथेही चुकली नाही.

प्रत्यक्षात असे यंत्र पहिल्याने चालले ते मँचेस्टरला, २१ जून १९४८ रोजी. मुंबईच्या गिरण्यांचे साचे ज्या लँकेशायरमधून आले, तेथलेच हे शहर. यंत्राच्या कोठारात अवघे बत्तीस कप्पे, हुकूम सात प्रकारचे, आणि बेरीजसुद्धा वजाबाकीच्या आधाराने करावयाची. तरी बावन्न मिनिटे अखंड राबून त्याने अचूक उत्तर दिले. मुंबईत गिरण्यांचे भोंगे वाजत असतानाच १९६० साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच घडणीचे यंत्र तयार झाले; १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले.

हे यंत्र काम कसे करते? पगाराचेच उदाहरण घेऊ. पहिल्या कप्प्यात चिठ्ठी : "विसाव्या कप्प्यातील कामाचे तास आण." दुसऱ्यात : "त्यातून एकविसाव्या कप्प्यातील आकडा वजा कर." तिसऱ्यात : "उत्तर शून्याखाली गेले तर पुढली चिठ्ठी सोड." चौथ्यात : "बाकी बाविसाव्या कप्प्यात ठेव." मुकादम एक चिठ्ठी उचलतो, वाचतो, गिरणीकडून काम करवून घेतो आणि पुढल्या चिठ्ठीकडे वळतो. एवढेच त्याचे शहाणपण. आपल्या खिशातला फोन हेच करतो. फक्त एका सेकंदात अब्जावधी वेळा.

१९६४ साली आयबीएम कंपनीने लहानमोठी सहा यंत्रे एकदम जाहीर केली. वेग निराळे, पण चिठ्ठ्यांची भाषा एकच. या ठरलेल्या भाषेला त्यांनी वास्तुरचना म्हटले. आम्ही तिला करार म्हणू. कराराची कलमे सर्वांना सारखी. ती पाळण्यासाठी खात्यात कामाची मांडणी कशी करावी, हे ज्या त्या यंत्राचे. ती मांडणी म्हणजे यंत्राचे अंतर्गत संघटन. वास्तुरचना आणि संघटन यांतला भेद तो एवढाच.

हे उमगल्यावर आम्ही पुन्हा त्या हिशेबखात्यात गेलो. या वेळी यंत्राबद्दल तक्रार केली नाही. एवढेच विचारले, "एकविसाव्या कप्प्यात आकडा कोणता, आणि तो कोणी घातला?" शोध झाला. करारात आठ तास होते, आणि तेथे साडेआठ निघाले. जेवणाच्या सुट्टीचा अर्धा तास कामाचाच धरावा, असे आमचे कलम. ते कोणी तरी विसरले होते. यंत्राने मात्र साडेआठ तितक्याच इमानाने वजा केले होते. फरकाची रक्कम कामगारांना मिळाली.

तात्पर्य, संगणक हा देव नव्हे आणि दैत्यही नव्हे. केशकर्तनकार, विणकर, कारागीर आणि हिशेबनीस स्त्रिया यांच्या श्रमाची वाटणी धातूत आणि विजेत उतरली, त्याचे नाव संगणक. मुकादम कितीही चपळ असो, त्याच्या हातची चिठ्ठी माणसाने लिहिलेली असते. "यंत्राने काढले" असे कोणी म्हणाला, तर चिठ्ठी दाखवा, असे म्हणण्याचा अधिकार आपला आहे. तो सोडू नये, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.