बाथ शहराचा प्राचीन इतिहास

बाथ हे इंग्लंडच्या सॉमरसेट काउंटीतील एव्हन नदीकाठचे शहर आहे. रोमन काळात ते अक्वे सुलिस, म्हणजे 'सुलिसचे पाणी', या नावाने ओळखले जाई. सुलिस ही तेथील उष्ण झऱ्याची केल्टिक देवता होय. मुख्य झऱ्यातून सुमारे ४६° से. तापमानाचे ११ लाख लिटरांहून अधिक पाणी दररोज वर येते.

देवालय व स्नानगृहे

इ.स. ४३ मध्ये रोमनांनी ब्रिटनवर स्वारी केली. त्यानंतर काही दशकांतच झऱ्याशेजारी देवालय व स्नानगृहे उभी राहिली. रोमनांनी स्थानिक देवतेला हटविले नाही. आपल्या मिनर्व्हा देवतेशी तिचे ऐक्य मानून ते 'सुलिस मिनर्व्हा' या नावाने तिची उपासना करीत. महास्नानकुंड सुमारे १.६ मी. खोल असून त्याच्या तळाशी शिशाचे ४५ पत्रे बसविलेले आहेत.

शापपत्रे

भाविक झऱ्यात नाणी व इतर वस्तू अर्पण करीत. त्यांतील सुमारे १३० शापपत्रे विशेष महत्त्वाची आहेत. शिसे व कथिलाच्या पातळ पत्र्यांवर लॅटिनमध्ये मजकूर कोरून ती पाण्यात टाकली जात. अंगरखा, हातमोजे किंवा पैसे चोरणाऱ्यास, तो स्त्री असो वा पुरुष, दास असो वा स्वतंत्र, देवीने शिक्षा करावी अशी याचना त्यांत आढळते. रोमन ब्रिटनमधील शिलालेखांत बहुधा सैनिक व अधिकाऱ्यांचे उल्लेख येतात. सामान्य लोकांची बोली, नावे व तक्रारी मात्र या पत्र्यांतून समजतात.

ऱ्हास व शोध

पाचव्या शतकाच्या आरंभी रोमन सत्ता संपल्यावर वास्तू ढासळल्या व गाळाखाली गेल्या. १७२७ मध्ये खोदकामात मिनर्व्हाचे सोन्याचा मुलामा दिलेले कांस्यशिर सापडले. १७९० मध्ये पंप रूमच्या बांधकामावेळी देवालयाच्या दर्शनी त्रिकोणी भागावरील शिल्पाचे अवशेष मिळाले. महास्नानकुंड १९व्या शतकाच्या उत्तरार्धात उघडकीस आले. शापपत्रांचा मोठा संचय १९७९-८० मध्ये बॅरी कन्लिफ यांच्या उत्खननात हाती लागला.

कुंडाभोवतीचे उंच स्तंभ व सज्जावरील पुतळे रोमन नसून १९व्या शतकाच्या अखेरचे आहेत. स्तंभांच्या तळखड्यांखालील भाग मात्र मूळचा आहे. १९८७ मध्ये युनेस्कोने बाथ शहराचा जागतिक वारसा स्थळांत समावेश केला.