दातांत लिहिलेली जन्मभूमी

भिवंडी तालुक्यातील लोनाडची लेणी, पश्चिमेस सोपाऱ्याचा स्तूप, दक्षिणेस कल्याणचे प्राचीन बंदर आणि खाडीपलीकडे साष्टीतील कान्हेरी, असा हा सारा टापू बौद्ध इतिहासाच्या खुणांनी भरलेला आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याण व सोपारा येथील दात्यांची नावे आढळतात. त्यांनी काय दान दिले व ते कोणत्या नगरातून आले, हे आपणांस वाचता येते. परंतु ज्यांनी कातळावर छिन्नी चालविली, जे बैलांच्या तांड्यांसमवेत नाणेघाट उतरून बंदरापर्यंत आले, त्यांनी आपले लेख कोरविले नाहीत. अशा निर्लेख माणसांचा इतिहास कोठे शोधावा, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. गेल्या काही दशकांत त्याचे एक अनपेक्षित उत्तर पुढे आले आहे : त्यांच्या दातांत.

दातावरील कठीण कवच बालपणी तयार होते आणि पुढे आयुष्यभर बदलत नाही. पहिल्या दाढेचे कवच जन्मापासून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत घडते, अक्कलदाढेचे त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. बालक जे अन्न खाते व जे पाणी पिते, त्यांतून त्या भूमीतील स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य दातांत उतरते. या मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंना समस्थानिके म्हणतात, आणि त्यांचे परस्परप्रमाण खडकाप्रमाणे बदलते. दख्खनच्या काळ्या पाषाणात हे प्रमाण बहुतांशी ०.७०४ ते ०.७०८ च्या आसपास असते. समुद्राच्या पाण्यात ते ०.७०९२ आहे. हिमालयातून गाळ आणणाऱ्या गंगेच्या खोऱ्यात ते याहून बरेच अधिक असते. हाडे मात्र आयुष्यभर झिजतात व नव्याने भरतात. म्हणून दात बालपणाची साक्ष देतात, तर हाडे अखेरच्या वर्षांची. दोहोंत फरक पडला की माणूस स्थलांतरित होता असे अनुमान निघते. आज भिवंडीच्या यंत्रमागावर राबणाऱ्या उत्तरप्रदेशी कामगाराच्या पहिल्या दाढेतही गंगेकाठची भूमी असेलच. फक्त आजचे धान्य देशभरातून येते, त्यामुळे ती खूण पूर्वीइतकी स्वच्छ उरत नाही.

आहाराचे काम कार्बन व नायट्रोजन करतात. भात, गहू, जव आणि डाळी एका पद्धतीने हवेतील कार्बन घेतात. ज्वारी, बाजरी व नाचणी दुसऱ्या पद्धतीने. पहिल्या गटाचे मूल्य उणे २६ च्या जवळपास असते, तर दुसऱ्याचे उणे १२ च्या. म्हणजे कोकणात भातावर वाढलेला आणि देशावर भाकरीवर वाढलेला यांचे दात प्रयोगशाळेत वेगळे ओळखू येतात. सागरी मासळी खाणाऱ्याचा कार्बन मात्र ज्वारीसारखाच दिसू लागतो. तेव्हा नायट्रोजनचा आधार घ्यावा लागतो, कारण अन्नसाखळीत दर पायरीस त्याचे मूल्य तीन ते पाच एककांनी चढते.

महाराष्ट्रात या विद्येला सर्वांत सुपीक भूमी इनामगावची आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील ही वस्ती. घराच्या जमिनीखाली पुरलेली दोनशेहून अधिक दफने तेथे मिळाली. त्यांत बालकांची संख्या फार मोठी असून ती जोडकुंभांत ठेवलेली होती. प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडलेले असत. अपवाद चार पायांच्या एका मोठ्या कुंभात बसविलेल्या पुरुषाचा : त्याचे पाय शाबूत आहेत आणि त्याचे घर पाच खोल्यांचे आहे. मधुकर ढवळीकरांनी यावरून तेथे मुखियाची सत्ता असल्याचा निष्कर्ष काढला. जव हे तेथील मुख्य पीक आणि जनावरांच्या हाडांत गुरांची हाडे विपुल. परंतु जळके दाणे गावात काय पिकले ते सांगतात, कोणाच्या ताटात काय पडले ते सांगत नाहीत. मुखिया व इतर ग्रामस्थ एकच अन्न खात होते काय, हे दातच सांगू शकतील. विषमतेचा इतिहास लिहावयाचा तर हा भेद लहान नव्हे.

दुसरे एक उदाहरण सिंधू संस्कृतीचे आहे. हडप्पा येथे पुरलेल्या अनेक व्यक्ती तेथे जन्मलेल्या नसून बालपणीच बाहेरच्या प्रदेशांतून तेथे आल्या होत्या, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या शिसे व स्ट्रॉन्शियमच्या परीक्षणातून दिसले.

आपल्या वाचकांस येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९४८ सालच्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पराभूत टोळ्यांतून विखुरलेली माणसे स्थिर गावांच्या वेशीबाहेर येऊन राहिली, ती बौद्ध होती व गोमांस सोडले नाही म्हणून इ. स. ४०० च्या सुमारास अस्पृश्य ठरली, हा त्यांचा सिद्धांत. विखुरलेली माणसे बाहेरून आली असतील, तर पहिल्या पिढीच्या दातांत ती खूण सापडावयास हवी. तत्त्वतः हा सिद्धांत तपासता येण्याजोगा आहे. बाबासाहेबांनी स्वतः नाकांच्या मोजमापांचे आकडे घेऊन वंशभेदाची कल्पना खोडून काढली होती, हेही विसरू नये. पुरावा मोजण्याचे त्यांना भय नव्हते.

तथापि, अतिउत्साह नको. समस्थानिके गोमांस आणि शेळीचे मांस यांत भेद करीत नाहीत. मांस आणि दूध यांतही ती स्पष्ट भेद करीत नाहीत. एखादा दात पाहून जात सांगणे अशक्य आहे, आणि तसे कोणी सांगू लागला तर तो नाक मोजणाऱ्यांचाच वारस समजावा. खडकांचीही अडचण आहे. सह्याद्रीतील बुशे नावाच्या थरात स्ट्रॉन्शियमचे प्रमाण ०.७१३ च्या वर जाते. तेव्हा जवळच्या डोंगरातील मूल परदेशी ठरू नये, यासाठी आधी त्या त्या परिसरातील माती, वनस्पती व पाणी यांचे नकाशे सिद्ध करावे लागतील. उष्ण हवामानात हाडांतील कोलॅजेन टिकत नाही, म्हणून नायट्रोजनची साक्ष पुष्कळदा गमवावी लागते.

मोठी अडचण दहनाची. इ. स. च्या पहिल्या सहस्रकातील महाराष्ट्रात दफने विरळ आहेत. मात्र तीव्र आचेत पांढरी पडलेली हाडे स्ट्रॉन्शियम सांभाळून ठेवतात, हे आता सिद्ध झाले आहे. इंग्लंडातील स्टोनहेंज येथील दहन झालेल्या २५ व्यक्तींच्या अस्थींपैकी १० स्थानिक नव्हत्या, असे २०१८ च्या अभ्यासात आढळले. कान्हेरीत दिवंगत थेरांच्या स्तूपांची एक स्वतंत्र ओळ आहे. तेथील लेखांतून त्या भिक्खूंची नावे वाचली गेली आहेत आणि शोभना गोखले यांनी ते लेख १९९१ साली प्रसिद्ध केले. भाजे येथेही थेरांच्या १४ स्तूपांचा समूह आहे. नावे कळली, गुणही कळले. जन्मभूमी बहुधा कळत नाही. अशा स्थळी पूज्य अस्थी आढळल्यास नमुना घ्यावा की घेऊ नये, याचा निर्णय केवळ प्रयोगशाळेवर सोपविता येणार नाही. भिक्खुसंघ व उपासक यांनी पुरातत्त्वज्ञांशी बसून तो आधीच ठरविलेला बरा. नमुना म्हणून लागतात ती हाडे काही ग्रॅमही नसतात, परंतु एकदा वापरली की ती परत येत नाहीत.