लग्नाचा कायदा आणि पेठेतलं मत

निवडणूक जवळ आली की मोबाईलवर मतदार यादी उघडून आपलं नाव आहे ना, हे आता सगळेच तपासतात. नारायण पेठेतल्या आमच्या भागाच्या यादीत एका घर क्रमांकासमोर दोन पुरुषांची नावं आहेत. आडनावं वेगळी, दोघांच्या पुढे आपापल्या वडिलांचं नाव. त्यातला एक मी, दुसरा माझा जोडीदार. नऊ वर्षं आम्ही एकत्र राहतोय. घरभाडं, वीजबिल, दोघांच्या आयांची आजारपणं, सगळं वाटून घेतो. पण ज्या सरकारी कागदावर आम्ही एकाखाली एक दिसतो, असा कागद हा एवढाच. आणि आम्ही एकमेकांचे कोण, हे तोही सांगत नाही.

समलिंगी विवाहाचा हक्क हा निवडणुकीतला मुद्दा होऊ शकतो का, असं मी मित्रांना विचारतो तेव्हा ते हसतात. ‘अरे, पेठेत पार्किंगवर आणि पाण्यावर मतं पडतात. लग्नावर कोण मत देतं?’ मला हे पटत नाही. लग्नाचा कायदा हा पुण्याच्या राजकारणातला सर्वांत जुन्या विषयांपैकी एक आहे. पेठांमधली निम्मी भांडणं त्याच्यावरून झाली आहेत.

सुरुवात १८९१ पासून करू. त्या वर्षी मार्चमध्ये संमतीवयाचा कायदा झाला आणि मुलीच्या शरीरसंबंधासाठीच्या संमतीचं वय १० वरून १२ वर आलं. आज हे आकडे वाचतानाही अंगावर काटा येतो. पण तेव्हा पुणं दोन तट पडून भांडत होतं. एका बाजूला आगरकर, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि सुधारक. दुसऱ्या बाजूला टिळक. टिळकांनी बालविवाहाची भलामण केली, असं नाही. आदल्याच वर्षी त्यांनी सुधारकांना उलटा प्रस्ताव दिला होता: ज्यांना सुधारणा हव्यात त्यांनी सह्या करून स्वतःवर बंधन घालून घ्यावं, मुलीचं लग्न १६ च्या आधी आणि मुलाचं २० च्या आधी करणार नाही म्हणावं. त्यांचा मुख्य आक्षेप होता तो हे ठरवणार कोण, यावर. परक्या सरकारनं आमच्या घरात कायदा घेऊन येऊ नये, हा तो आक्षेप.

नारायण पेठेतला गायकवाड वाडा, म्हणजे आजचा केसरी वाडा, टिळकांनी घेतला तो १९०५ मध्ये, या वादानंतर चौदा वर्षांनी. पण ‘कायदा बरा की वाईट’ यापेक्षा ‘हे ठरवायचा अधिकार कुणाचा’ असं विचारायची सवय पेठांना तेव्हापासून लागली. आणि ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललं होतं, त्या मुलींना कुणी विचारलं नाही. मत तर त्यांना नव्हतंच. त्यांच्या बापांनाही नव्हतं. कायदा करणाऱ्या कौन्सिलात सरकारनं नेमलेली माणसं बसत.

मग हळूहळू मताधिकार आला आणि लग्नाचा कायदाही थोडा थोडा सरकत गेला. १८७२ च्या तिसऱ्या कायद्यानुसार नोंदणी विवाह करता येत असे, पण त्यासाठी ‘मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही’ असं लिहून द्यावं लागे. जातीबाहेर लग्न करायचं तर धर्म नाकारायचा! विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ मध्ये हिंदूंच्या आंतरजातीय विवाहांना मान्यता देणारं विधेयक मांडलं. त्यावर देशभर गदारोळ झाला आणि ते बारगळलं. पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले डॉ. हरिसिंग गौर यांनी १९२३ मध्ये १८७२ च्या कायद्यात दुरुस्ती करून घेतली. तेव्हा कुठे हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपला धर्म न नाकारता आपापसांत नोंदणी विवाह करता येऊ लागला. त्याच कायद्याचं आजचं रूप म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा. माझ्या पिढीतली पळून जाऊन केलेली बहुतेक लग्नं याच कायद्याच्या आधारानं उभी आहेत.

या काळात आमच्यासारख्यांचा विषय मराठीत कुठे होता? एका कोपऱ्यात होता. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं देत. त्यांत समलिंगी संबंधांबद्दलचे प्रश्नही असत. १९३४ मध्ये अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. पण लोक विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळालं पाहिजे, ही बाजू न्यायालयात मांडली गेली ती नव्वद वर्षांपूर्वी, आणि ती मांडणारा माणूस पुढे देशाचा पहिला कायदामंत्री झाला.

त्याच कायदामंत्र्याच्या हिंदू कोड बिलाची गोष्ट मला आजच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळची वाटते. घटस्फोट, एकपत्नीत्व, मुलीचा वारसा अशा गोष्टी त्यात होत्या. १९५१ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली. काँग्रेसमध्येच विरोध होता, मतं जातील अशी भीती होती. बिल बाजूला ठेवलं गेलं आणि आंबेडकरांनी सप्टेंबरात राजीनामा दिला.

मग निवडणूक झाली. हिंदू महासभा, रामराज्य परिषद आणि जनसंघ, तिन्ही पक्ष या बिलाच्या विरोधात होते. खुद्द नेहरूंच्या विरोधात अलाहाबादेत प्रभुदत्त ब्रह्मचारी नावाचे संन्यासी हिंदू कोड बिलाला विरोध घेऊनच उभे राहिले. नेहरू आरामात निवडून आले. काँग्रेसला ३६४ जागा मिळाल्या. त्या तीन पक्षांना मिळून १०. आणि मग १९५५ व १९५६ मध्ये तेच बिल तुकड्यातुकड्यांनी मंजूर झालं. ज्या भीतीपोटी ते अडवलं होतं, ती मतपेटीत सापडलीच नाही. पण ते ज्यांनी लिहिलं, पुढे रेटलं, ते आंबेडकर मात्र उत्तर मुंबईत पराभूत झाले होते. कायदा संमत झाला तेव्हा ते मंत्री नव्हते.

आता आमच्याकडे येतो. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ३७७ कलमाखालून आम्हाला सोडवलं. म्हणजे आम्ही गुन्हेगार राहिलो नाही. पण गुन्हेगार नसणं आणि नवरा असणं यांत बरंच अंतर आहे. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायदा न्यायालय बदलू शकत नाही. विवाहाखेरीज जोडप्याला काही मान्यता द्यावी का, यावर तीन विरुद्ध दोन असा निकाल आमच्या विरुद्ध गेला. काय करायचं ते संसद ठरवेल. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

१८९१ चा तोच प्रश्न पुन्हा समोर आला: ठरवणार कोण? या वेळचं उत्तर आहे, तुम्ही निवडून दिलेले लोक. म्हणजे हा विषय न्यायालयानंच मतदाराच्या दारात आणून ठेवला आहे.

संसदेत तो आधीच एकदा पोचला होता. १ एप्रिल २०२२ ला सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. पती आणि पत्नी या शब्दांच्या जागी जोडीदार असा शब्द यावा आणि समलिंगी जोडप्यांना त्या कायद्याखाली लग्न करता यावं, असं त्यात होतं. खासगी विधेयकांचं नशीब आपल्याकडे फार वाईट; शेवटचं असं विधेयक कायदा झालं ते १९७० मध्ये. २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि हेही विधेयक आपोआप संपलं.

त्या वर्षीच्या निवडणुकीत बारामतीत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पवार विरुद्ध पवार. बारामती मतदारसंघाची हद्द थेट धायरीपर्यंत येते, आमच्या पेठेपासून बसनं अर्ध्या-पाऊण तासावर. त्या निवडणुकीत हे विधेयक चर्चेत नव्हतं. सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या. यावरून बारामतीचे मतदार समलिंगी विवाहाच्या बाजूचे आहेत, असं म्हणता येणार नाही. पण असं विधेयक मांडलं की राजकारण संपतं, ही जी भीती दाखवली जाते, तिला निदान इथे तरी पुरावा मिळाला नाही.

त्याच निवडणुकीत काँग्रेसच्या जाहीरनाम्यात एक ओळ होती: व्यापक सल्लामसलतीनंतर एलजीबीटीक्यू जोडप्यांच्या नागरी सहजीवनाला मान्यता देणारा कायदा आणू. माकपनंही विवाहासारख्या कायदेशीर मान्यतेची भूमिका घेतली होती. आमच्या पुणे मतदारसंघात यावर एक सभा झालेली मला आठवत नाही. दारावर आलेल्या एका तरुण कार्यकर्त्याला मी विचारलं, ‘या विषयावर तुमच्या उमेदवाराचं मत काय?’ कुठल्या पक्षाचा ते सांगत नाही, कारण उत्तर कुणाचंही तेच आलं असतं. तो जरा थांबला, मग म्हणाला, ‘दादा, खरं सांगू? आजवर कुणी विचारलंच नाही.’

‘लोकांना विचारलं तर लोक नाहीच म्हणतील’ असं जे म्हणतात, त्यांना मी आयर्लंडची गोष्ट सांगतो. चर्चचा एवढा पगडा असलेल्या देशात २२ मे २०१५ ला सार्वमत झालं आणि ६२ टक्के लोकांनी समलिंगी विवाहाला होकार दिला. मत द्यायला परदेशांतले आयरिश तरुण विमानानं, बोटीनं घरी आले. त्याच वर्षी जानेवारीत त्यांच्या आरोग्यमंत्र्यानं आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं होतं. ते लिओ वराडकर, मालवण तालुक्यातल्या वराड गावचे नातू. दोन वर्षांनी ते पंतप्रधान झाले.

पण तैवानचीही गोष्ट सांगायला हवी. तिथे २०१८ च्या सार्वमतात लोकांनी समलिंगी विवाह नाकारला. तरी तिथल्या घटनात्मक न्यायालयानं आधीच कान धरलेला असल्यामुळे संसदेनं २०१९ मध्ये कायदा केला. म्हणून माझ्या हक्कावर बहुसंख्यांनी मतदान करावं, हे मला तत्त्व म्हणून मान्य नाही. कर्व्यांच्या वाचकाला प्रश्न विचारायला बहुमत लागत नव्हतं. पण आपल्याकडे न्यायालयाचा दरवाजा तूर्त बंद झालाय. उरला तो मतदाराचा. तिथे जायचं नाही, असं म्हणणं मला परवडणारं नाही.

कारण मधल्या काळात आयुष्य चालूच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदाराबरोबर संयुक्त बँक खातं उघडता येईल, त्याला नॉमिनी करता येईल. चांगलं आहे. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. उद्या मला काही झालं तर पैसे त्याच्या हातात येतील आणि त्यावर हक्क दुसऱ्यांचा असेल. रुग्णालयाच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ या रकान्यात आम्ही अजून ‘मित्र’ असं लिहितो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्या कसब्यात पोटनिवडणूक झाली. टिळक घराण्याला उमेदवारी नाकारली म्हणून पेठा नाराज आहेत, अशी चर्चा होती आणि निकाल सुमारे ११ हजार मतांनी फिरला. म्हणजे आपण कोण आहोत, आपल्याला मान मिळतो की नाही, यावर पेठेत मत पडतं. फक्त पार्किंगवर पडत नाही.

आमची ११ हजार मतं नसतील. पण आमच्या आया आहेत, भाऊ-बहिणी आहेत, चहाच्या टपरीवर आम्हाला जोडीनं ओळखणारे आहेत. पुढच्या वेळी कार्यकर्ता दारावर आला तर पाण्याचं आधी विचारा, जरूर विचारा. मग हेही विचारा. त्याला उत्तर माहीत नसेल. तो पक्षाच्या कार्यालयात जाऊन विचारेल, आणि दहा दारांवरून हाच प्रश्न आला तर त्या कार्यालयात कुणालातरी त्याचं उत्तर लिहून काढावं लागेल.