मुडदूस

मुडदूस : वाढत्या वयातील मुलांची हाडे मऊ राहून वाकण्याचा विकार, रिकेट्स या नावानेही परिचित. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम किंवा फॉस्फेट कमी पडल्याने होतो. सहा महिने ते दोन वर्षे या वयात विशेष आढळतो. प्रौढांत याच कमतरतेने अस्थिमृदुता होते.

कारणे : उन्हातील जंबुपार किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते. यकृत आणि मूत्रपिंड यांत त्याला क्रियाशील रूप मिळते व त्यामुळे आतड्यात कॅल्शियमचे शोषण वाढते. ते अपुरे पडल्यास हाडांच्या वाढत्या टोकांशी क्षार साचत नाहीत. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व अत्यल्प असते. खिडकीच्या काचेतून उपयुक्त किरण आत येत नाहीत. सावळ्या त्वचेला ऊन अधिक वेळ लागते. मात्र नुसते ऊन पुरत नाही. नायजेरियात भरपूर ऊन असूनही आहारात कॅल्शियम कमी असल्याने मुलांना मुडदूस झाल्याचे आढळले आहे.

लक्षणे : टाळू उशिरा भरते, दात उशिरा येतात, मनगटे रुंद होतात. बरगड्यांच्या टोकांवर माळेच्या मण्यांसारख्या गाठी हाताला लागतात. मूल चालू लागल्यावर पाय बाहेरच्या बाजूस वाकतात किंवा गुडघे एकमेकांवर घासतात.

इतिहास : डॅनियल व्हिसलर (1645) व फ्रान्सिस ग्लिसन (1650) या इंग्रज वैद्यांनी विकाराचे वर्णन केले. 1919 मध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत कॉड माशाच्या यकृततेलाचा गुण दाखवला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुलांवर जंबुपार दिव्याचा उपचार केला. एकाच हातावर किरण सोडले, तरी दुसऱ्या हाताची हाडेही भरून आली. म्हणजे त्वचेत तयार झालेले द्रव्य रक्तावाटे सर्वत्र पोहोचत होते.

प्रतिबंध व उपचार : तान्ह्या मुलांना पहिले वर्षभर रोज 400 एकक ड जीवनसत्त्वाचे थेंब देण्याची शिफारस आहे. भारतीय प्रौढाला दिवसाला सुमारे 1,000 मिग्रॅ. कॅल्शियम लागते. 100 ग्रॅम नाचणीत ते साधारण 350 मिग्रॅ., तर तेवढ्याच दुधात सुमारे 120 मिग्रॅ. असते, तीळही समृद्ध आहेत. धान्यांतील फायटेट व पालकातील ऑक्झॅलेट शोषणात अडथळा आणतात. मासे व अंड्याचा बलक सोडल्यास नेहमीच्या आहारातून ड जीवनसत्त्व फारसे मिळत नाही. निदान क्ष-किरण चित्र व रक्ततपासणीने होते. उपचारात ड जीवनसत्त्वासोबत कॅल्शियमही देतात. ड जीवनसत्त्वाची मात्रा वाढल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते; म्हणून ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावी.