कोळशाचं गाव आणि आजीची गोधडी

पांघरुणात शिरून, इअरफोन लावून ऐकताय ना? मग आजचा भाग तुमच्याचसाठी. आपली घरं हिवाळ्यात ऊब कशी धरायची, याचा हा छोटासा इतिहास. त्यासाठी माझ्या गावी जाऊया, मनमाडला.

मनमाड पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच. डिसेंबरात आभाळ निरभ्र, हवा कोरडी. ढग नसले की दिवसभर तापलेली जमीन रात्रीत सगळी उष्णता सोडून देते. म्हणून दुपारी ऊन चटका देतं आणि पहाटे दातावर दात वाजतात.

रेल्वे यायच्या आधी इथल्या घरांची भिस्त जाड भिंतींवर होती. दगड-मातीच्या, दीड-दोन फुटांच्या. दिवसा ऊन पिऊन घ्यायच्या, रात्री हळूहळू परत द्यायच्या. वर मातीचं धाबं, खिडक्या लहान. जळण म्हणजे गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या. ते स्वयंपाकालाच जपून वापरायचं, मग शेकायला कुठून आणणार?

1860च्या दशकात जीआयपी रेल्वे आली. 1878मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि गावाचं जंक्शन झालं. इंजिनाबरोबर कोळसा आला. आजी सांगायची, इंजिनाच्या राखेतून बायका अर्धवट जळालेला कोळसा वेचून आणायच्या आणि घरोघरी शेगड्या पेटायच्या. घरांवर पत्रे आले. पत्रा रात्री लगेच गार पडतो, पण कोळसा होता ना, फिकीर कुणाला?

तर एका रात्री झालं असं, की आजीने दार-खिडक्या घट्ट लावल्या आणि पेटती शेगडी आत घेतली. मध्यरात्री तिला जाग आली ती डोकं फुटेल अशा दुखण्याने. शेजारी माझे वडील, तेव्हा पाच वर्षांचे. हलवलं तरी उठेनात. तिने त्यांना ओढतच अंगणात आणलं. मोकळ्या हवेत बऱ्याच वेळाने ते रडले. "ते रडणं ऐकून मी देवाला हात जोडले," ती म्हणायची.

तो कार्बन मोनॉक्साईड होता. त्याला वास नाही, रंग नाही. त्यानंतर शेगडी कायमची उंबऱ्याबाहेर गेली, आणि आजी गोधड्या शिवायला बसली. जुन्या लुगड्यांचे थर, त्यावर धावदोरा. गोधडी स्वतः उष्णता तयार करत नाही. थरांमध्ये अडकलेली हवा आपल्याच अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही.

1995पर्यंत देशातल्या ब्रॉडगेजवरून वाफेची इंजिनं निवृत्त झाली. आता शेगडीच्या जागी हीटर आलाय. 2000 वॉटचा हीटर सलग सहा तास चालला तर 12 युनिट. रोज रात्री! हिशोब तुम्हीच करा.

त्याआधी जुनी युक्ती करून बघा. दुपारी खिडकी उघडून ऊन आत घ्या, सूर्य कलला की पडदे ओढा. दाराखालच्या फटीला जुनं कापड लावा. एक गोधडी अंगावर, एक अंगाखाली, कारण फरशीही ऊब ओढून घेते.

फक्त एक लक्षात ठेवा. फट बुजवली असेल तर आत विस्तव नको, आणि विस्तव असेल तर दार उघडं हवं. दोन्ही एकत्र कधीच नाही. आजही थंडीत कुणीतरी बंद खोलीत शेगडी ठेवतं. तुमच्या ओळखीत असेल, तर हा भाग आज रात्रीच त्यांना पाठवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!