पोटातला जंतू गेला, तरी एंडोस्कोपी का?

रिपोर्टवर ‘एच. पायलोरी पॉझिटिव्ह’ आणि खाली ‘इंटेस्टिनल मेटाप्लेझिया’ असं लिहून आलं की घरात धसका बसतो. गोळ्यांचा कोर्स केल्यावर हे सगळं जातं का, ते आपण पाहू.

एच. पायलोरी हा जठराच्या अस्तरात राहणारा जंतू. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. त्यासाठी २००५ चं नोबेल मिळालं. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कॅन्सरकारक ठरवलं. तरी बहुतेकांना कॅन्सर होत नाही. ज्यांना होतो, त्यांना वर्षानुवर्षं, पायरीपायरीने: आधी सूज, मग अस्तर झिजतं, मग ते आतड्याच्या अस्तरासारखं बनतं (हेच मेटाप्लेझिया), मग पेशी बिघडतात.

जंतू मारला की सूज उतरते. झिजलेलं अस्तर काही जणांत भरून येतं. मेटाप्लेझिया मात्र हट्टी. तो सहसा पूर्ण जात नाही. चीनच्या फुजियान प्रांतात १,६३० जणांवर साडेसात वर्षं नजर ठेवली, तेव्हा एकूण फरक ठोस दिसला नाही. पण सुरुवातीला अस्तर बिघडलेलं नव्हतं, अशांपैकी औषध घेतलेल्या एकालाही कॅन्सर झाला नाही. न घेतलेल्या सहा जणांना झाला. म्हणजे उपचार जितका लवकर, तितका बरा.

उशीर झाला तरी फायदा आहेच. कोरियात सुरुवातीचा कॅन्सर किंवा गंभीर गाठ एंडोस्कोपीने काढलेल्या रुग्णांत जंतूवर औषध दिलं, तर नवा कॅन्सर ७.२ टक्के जणांत आढळला. औषध न दिलेल्यांत १३.४ टक्के. धोका जवळपास निम्मा, पण शून्य नाही. म्हणूनच डॉक्टर पुन्हा एंडोस्कोपीला बोलावतात.

हायपरप्लास्टिक पॉलिप जंतू गेल्यावर बऱ्याचदा लहान होतात. अडेनोमा मात्र वितळेल म्हणून वाट पाहू नये, तो काढावाच लागतो.

कोर्स बहुधा १४ दिवसांचा. तोंड कडू होतं, पण मध्येच सोडला तर जंतू औषधाला जुमानेनासा होतो. रमजानमध्ये दोन वेळचा डोस सहरी-इफ्तारला बसू शकतो. काही कोर्स चार वेळांचे असतात. घाई नसेल तर ईदनंतर सुरू करता येईल का, हे डॉक्टरांनाच विचारा.

जंतू गेला का, हे कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीतून कळतं. त्याआधी अ‍ॅसिडिटीची गोळी दोन आठवडे बंद हवी, तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने. रक्ताची अँटिबॉडी तपासणी इथे कामाची नाही, ती पुढेही बराच काळ पॉझिटिव्ह येऊ शकते. अब्बा-अम्मी किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला जठराचा कॅन्सर झाला असेल, तर त्रास नसतानाही ही तपासणी करून घ्यावी.