गाडलेल्या झाकणाची गोष्ट: सेप्टिक टँक ते रायझर

मागच्या मे महिन्यात आमच्या गावाकडच्या घरी एक शोधमोहीम झाली. सेप्टिक टँक तुंबलेली, मैला उपसणारी गाडी दारात उभी, आणि टाकीचं झाकण नक्की कुठे आहे हे कुणालाच आठवेना! अंगणात फरशी घातली तेव्हा ते खाली गाडलं गेलं होतं. शेवटी सहा फरश्या फोडल्या. मनात आलं, जे उघडावंच लागणार ते आपण पुरतो का? शोधत गेलो आणि थेट फ्रान्सला पोचलो.

फ्रान्समधल्या वेसूल गावात झां-लुई मुरास यांनी १८६०च्या सुमारास घरचं सांडपाणी एका बंद टाकीत सोडलं. काही वर्षांनी ती उघडली तर आत गाळ अगदी थोडा होता, असं सांगतात. १८८१ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. टाकी हवाबंद असणं हाच त्या शोधाचा गाभा मानला गेला. पुढे १८९५च्या सुमारास इंग्लंडमध्ये एक्झेटरला डोनाल्ड कॅमेरन यांनी अशी टाकी बांधली आणि तिला 'सेप्टिक टँक' हे नाव दिलं. तिथल्या गॅसवर दिवेही लावले. आणि आपली मुंबई? १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात अशाच टाक्यांमधल्या गॅसवर इंजिन चालवल्याची नोंद आहे!

लोकांना वाटलं, जंतू सगळा मैला फस्त करतील आणि झाकण उघडायची वेळच येणार नाही. तसं होत नाही. तळाशी गाळ साचतो, वर साय धरते, आणि दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावीच लागते. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, मेंटेनन्सचा विचार न करता केलेलं रिलीज! अमेरिकेतही जुन्या टाक्यांची झाकणं मातीखाली असायची. लोखंडी सळई खुपसत ती शोधावी लागत.

त्यावरचा साधा उपाय म्हणजे रायझर. टाकीच्या तोंडापासून जमिनीपर्यंत आणलेली उभी नळी आणि वर झाकण, बस्स. पण निवडताना घाई करू नका. तोंड साधारण ६० सेंटीमीटर रुंद हवं आणि टाकीच्या दोन्ही टोकांना एकेक रायझर हवा. टाकीशी होणारा जोड पाणी न झिरपणारा हवा, नाहीतर पावसाळ्यात टाकी पावसाच्याच पाण्याने भरते. काठ जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवायचा. वरून गाडी जाणार असेल तर प्लॅस्टिकचं हलकं झाकण चालणार नाही. आणि झाकण लहान मुलाला उघडता येऊ नये, म्हणून ते स्क्रूने बसवायचं, खाली एक जाळीही ठेवायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे तोंड माणसाने आत उतरण्यासाठी नाही. आतला विषारी वायू क्षणात जीव घेतो, आणि वाचवायला उतरलेलाही जातो. सुरक्षा साधनांशिवाय कुणाला टाकीत उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी ही कामं होतात, माणसं मरतात. रायझरमधून पाइप आत जावा, नजर आत जावी, माणूस बाहेरच राहावा. मुरास यांच्या झाकणाने वास अडवला. आपल्या झाकणाने मृत्यू अडवायला हवा.

तुमच्या टाकीचं झाकण कुठे आहे, आज घरी विचारून बघा. भेटू पुढच्या भागात!